मोहाचे फूल ते ई-२०: मद्यार्कावरचा हुकूम आणि बोटीचे जुने इंजिन

१/ कर्जत-खालापूरच्या इतिहासावरचे धागे बहुधा १६६१ च्या उंबरखिंडीत सुरू होतात आणि १९४२ च्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यापाशी संपतात. दोन्ही विषय थोर आहेत आणि दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा याच दोन तालुक्यांच्या एका दुर्लक्षित इतिहासाचा आहे. मद्यार्क कुठे असावा आणि कुठे असू नये हे ठरवणाऱ्या सरकारी हुकमांचा तो इतिहास. त्या मालिकेतला ताजा हुकूम सध्या पेट्रोल पंपाच्या नळीतून वाहतो आहे.

२/ माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे गैरसमज नको. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो दुसरा पर्याय न ठेवता मिसळण्याला, आणि त्याचा खर्च जुन्या यंत्राच्या मालकाच्या माथी गुपचूप मारण्याला. मोटारी आणि दुचाकींविषयी निदान आरडाओरड तरी झाली. या सगळ्या गदारोळात एका यंत्राचे नाव कोणी घेतले नाही. ते यंत्र म्हणजे बोटीचे जुने पेट्रोल इंजिन.

३/ सह्याद्रीच्या पायथ्याशी बोट कुठून आली, असा प्रश्न पडेल. उल्हास कर्जतमधून वाहते, पाताळगंगा खालापुरातून. माथेरानच्या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ते सारे पाणी याच खोऱ्यांत उतरते. २६ जुलै २००५ आठवा. २७ जुलै २०१९ आठवा: कर्जत तालुक्याची हद्द ओलांडताच, वांगणी आणि बदलापूरच्या दरम्यान, उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना सोडवण्यासाठी बोटी उतरवाव्या लागल्या.

४/ बचावाच्या बोटीचे इंजिन ही अजब वस्तू आहे. वर्षातले बहुतेक महिने ते कोपऱ्यात उभे असते. मग एका दिवशी, भर पावसात, दोरीच्या पहिल्या दुसऱ्या ओढीला ते सुरू व्हावेच लागते. हे ध्यानात ठेवा. मद्यार्कमिश्रित पेट्रोलला नेमके हेच जीवनमान मानवत नाही. ते का, हे पुढे सांगतो. त्याआधी हुकमांची वंशावळ पाहू.

५/ १८७८: मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडल्या आणि दारू गाळण्याचा हक्क मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे व मक्तेदारांकडे गेला. ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात उरणच्या भट्ट्यांचे प्रस्थ वाढले. कच्चा माल एकच, मोहाचे फूल. फरक एवढाच की ठाकूर-कातकऱ्यांच्या मडक्यातली दारू गुन्हा ठरली आणि उरणच्या भट्टीतली दारू महसूल ठरली.

६/ पण फूल तर रानातच पडत होते. वाळवून ठेवले की महिनोन्महिने टिकत होते. म्हणून १८९२ मध्ये दुसरा कायदा आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. कर्जत आणि त्याचा खालापूर पेटा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कुलाब्यात गेला. कायदा दोन्ही जिल्ह्यांना लागू असल्याने कुठल्याही बाजूने सुटका नव्हती.

७/ या कायद्याचा खरा अर्थ समजून घ्या. मोहाचे फूल केवळ दारूचा माल नव्हते. टंचाईच्या दिवसांत ते आदिवासी घरातले अन्न होते. सरकारला हवी होती भट्टीची मक्तेदारी, पण किंमत मोजली ती फूल उकडून खाणाऱ्याने. हुकूम काढणारा एक, लाभ घेणारा दुसरा आणि भार वाहणारा तिसराच. या तिघांची ओळख पटवून ठेवा, कारण हे त्रिकूट आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

८/ दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. कोळशाच्या वायूवर मोटारी धावू लागल्या. त्या काळच्या छायाचित्रांत मोटारीच्या पाठीशी बसवलेली कोळशाची उभी टाकी दिसते. तो बदल कष्टाचा होता, पण डोळ्यांना दिसत होता. आपण काय जाळतो आहोत हे चालकाला ठाऊक होते. आजचा बदल पारदर्शक द्रवात विरघळलेला आहे, आणि अनेकदा पंपावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचे प्रमाणही समजत नाही.

९/ आता इतिहासातला एक विलक्षण योगायोग. १९४८ मध्ये केंद्राने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ केला: मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळा. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने दारूबंदी कायदा केला: मद्यार्क पोटात घालू नका. वर्षभराच्या अंतराने तोच रेणू इंजिनात राष्ट्रकार्य ठरला आणि मडक्यात अपराध. दोन्ही कायद्यांची कारणे आपापल्या जागी समजण्यासारखी आहेत. पण पात्र कोणते हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, तेही पाहा.

१०/ १९४८ चा तो कायदा २००० साली रद्द झाला. जुना झाला, निरुपयोगी झाला म्हणून. आणि लगेच २००१ मध्ये मिश्रणाचे नवे प्रयोग सुरू झाले. त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड, आणि तिसरे उत्तर प्रदेशातले बरेली. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला. कागदावर तो जोमदार होता, प्रत्यक्षात रखडत चालला.

११/ किती रखडत? सरकारी आकड्यानुसार २०१३-१४ मध्ये देशातले सरासरी मिश्रण १.५३ टक्के होते. मग वेग पाहा. जून २०२२ मध्ये दहा टक्के. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू. २०३० चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये ते गाठल्याचे जाहीर झाले. दीड टक्क्यावरून वीस टक्क्यांवर, तेही जेमतेम एका तपात. नीट सांभाळलेले बोटीचे इंजिन याहून अधिक काळ चालते. म्हणजे यंत्र तेच राहिले आणि त्याच्या पोटातले अन्न बदलले.

१२/ आता रसायन. दारू गाळणाऱ्या प्रत्येकाला एक मर्यादा अनुभवाने ठाऊक असते. कितीही वेळा गाळा, मद्यार्क वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर अडतो. उरलेले पाणी साध्या उकळण्याने सुटत नाही, इतकी पाण्याची आणि त्याची गाठ घट्ट असते. इंधनाचे इथेनॉल निर्जल हवे, म्हणून कारखान्यात ते पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढावे लागते. अशा प्रयत्नाने कोरडा केलेला मद्यार्क पाणी भेटताच पुन्हा त्याला कवटाळतो. जी गाठ भट्टीवाल्याला सुटली नाही, तीच आता बोटवाल्याच्या वाट्याला आली आहे.

१३/ साध्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते तळाशी बसते, वेगळे दिसते आणि काढून टाकता येते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी पोटात मुरवते आणि एका मर्यादेनंतर एकाएकी फाटते, नासलेल्या दुधासारखे. दहा टक्के मिश्रणात, पंधरा अंश तापमानाच्या आसपास, ही मर्यादा सुमारे अर्धा टक्का पाण्याची असते. २० लिटरच्या टाकीत १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला. ऊन असताना मुरलेले पाणी रात्री गारठा पडल्यावर वेगळे होऊ शकते.

१४/ इथे प्रामाणिक राहायला हवे. ई-२० ची पाणी मुरवण्याची शक्ती ई-१० पेक्षा अधिक असते आणि नुसत्या दमट हवेतून पाणी शोषले जाण्याची गती मंद असते. पण बोटीच्या टाकीला हवेसाठी छिद्र असते, झाकण जुने असते, पाऊस आडवा येतो, लाट आत उडते. पाणी थेंबाने नाही तर घोटाने शिरते. आणि ई-२० फाटले की २० लिटरांमधल्या ४ लिटर इथेनॉलचा मोठा भाग पाण्यासह तळाशी जातो. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. दोरी ओढून खांदा निखळेल, पण इंजिन पेट घेणार नाही.

१५/ दोन-स्ट्रोक इंजिनाची गत याहून वाईट. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. मिश्रण फाटले की ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि तळाचा पाणी-मद्यार्काचा थर वंगणाविना आत जातो. चुकून इंजिन चाललेच तर पिस्टन कोरडा घासतो. वरच्या थराचीही प्रत उतरलेली असते, कारण ऑक्टेन वाढवणारे इथेनॉल त्यातून निघून गेलेले असते.

१६/ मिश्रण न फाटताही त्रास आहेच. इथेनॉल चांगले द्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतीला चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवते आणि ती घाण फिल्टरमध्ये, कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन बसते. जुन्या रबराच्या नळ्या, हाताने दाबायचा रबरी फुगा, डायफ्राम आणि बुचाचे गॅस्केट फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. ॲल्युमिनियम, जस्त आणि पितळेच्या भागांना ओलसर मद्यार्काने गंज चढतो. जेट जुन्याच मापाचे असल्याने हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि इंजिन अधिक तापते.

१७/ हे कल्पनेतले भय आहे का? न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट या अमेरिकी राज्यांत २००४ पासून एमटीबीई या जुन्या मिश्रकावर बंदी आली आणि त्याच्या जागी इथेनॉल आले. तिथल्या किनाऱ्यावरच्या जुन्या बोटींच्या फायबरच्या टाक्यांमधली राळ विरघळू लागली. ती इंजिनात जाऊन झडपांवर काळा चिकट थर धरू लागली. टाकी बदलायची तर बोटीचे डेक कापावे लागे. ते मिश्रण फक्त दहा टक्क्यांचे होते.

१८/ त्या अनुभवातून तिकडे एक शहाणपण आले. अमेरिकेने २०१० आणि २०११ मध्ये पंधरा टक्क्यांच्या मिश्रणाला परवानगी दिली, ती नव्या मोटारींपुरती. बोटी, दुचाकी आणि लहान यंत्रे यांत हे इंधन घालू नका, असे पंपावरच लिहिणे बंधनकारक केले. जर्मनीत २०११ मध्ये ई-१० आले तेव्हा ई-५ पंपावर राहिले. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० सर्वसाधारण केले, पण महागड्या प्रतीत ई-५ मिळत ठेवले. मिश्रण या सर्वांनीच केले, तरी जुन्या यंत्रासाठी एक दार उघडे ठेवले.

१९/ आपल्याकडेही हा विचार झाला होता. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या वाहनांसाठी ई-१० हे संरक्षक इंधन म्हणून मिळत राहावे, असे सुचवले होते. त्याच आराखड्यात साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. म्हणजे धोका ठाऊक होता आणि उपायही लिहिलेला होता. अंमलात मिश्रण आले, उपाय मागे राहिला.

२०/ ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, तो खर्च किरकोळ आहे, असा त्याचा आशय. मोटारीपुरते ते मान्य करू. पण बोटीला किलोमीटर कुठले? तिचे इंजिन धावून झिजत नाही, उभे राहून कुजते. आणि बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. मालकाने पुस्तिका पाळायची की पंपावर मिळेल ते घ्यायचे?

२१/ आता प्रतिपक्षाचे म्हणणे, कारण ते पोकळ नाही. देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळते आणि ऊस उत्पादकाची देणी फिटायला मदत होते. ज्या महाराष्ट्राने सहकारी साखर कारखानदारी उभी केली, त्याने याला सरसकट शत्रू मानावे असे मी म्हणणार नाही. पण राष्ट्रहिताचा खर्च राष्ट्राने वाटून घ्यायचा असतो. तो नेमका ज्याच्याकडे नवे यंत्र घ्यायला पैसे नाहीत त्याच्याकडूनच वसूल करणे, याला राष्ट्रहित म्हणता येत नाही.

२२/ आणि आपल्या बाजूच्या अफवाही थांबवा. मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक नौका डिझेलवर चालतात, त्यांचा या मिश्रणाशी संबंध नाही. ई-२० साठी घडवलेली नवी इंजिने या इंधनावर व्यवस्थित चालतात. एका टाकीत इंजिन जळाले, अशा कहाण्या पुढे ढकलू नका. खोट्या तक्रारींनी खरी तक्रार मरते. आपला प्रश्न नेमका आहे: जुने, कार्ब्युरेटरचे, दीर्घकाळ उभे राहणारे पेट्रोल इंजिन.

२३/ साध्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. पण न्यायालयाने जे करायला भाग पाडले नाही, ते सरकारने आपणहून करू नये असे थोडेच आहे? मागण्या तीन. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे. दर तालुक्यात निदान एका पंपावर संरक्षक प्रतीचे इंधन ठेवावे, चार पैसे जादा घेतले तरी चालतील. आणि बचावकार्यातल्या सार्वजनिक इंजिनांच्या नळ्या, गॅस्केट आणि टाक्या सरकारी खर्चाने बदलाव्या.

२४/ तोवर ज्यांच्या ताब्यात असे इंजिन आहे त्यांनी काय करावे? काम संपले की इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. टाकीत जुने पेट्रोल साठवू नका, पावसाळ्याआधी ताजे भरा. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. नळ्या आणि रबरी फुगा मद्यार्क सोसणाऱ्या नव्या प्रतीचे घ्या. महिन्यातून एकदा इंजिन चालवून पाहा, पूर येण्याची वाट पाहू नका.

२५/ प्रमाण स्वतः तपासायचे असेल तर मोजपट्टी असलेल्या काचेच्या नळकांड्यात २० मिलिलिटर पाणी आणि ८० मिलिलिटर पेट्रोल घ्या. बूच लावून हलवा आणि स्थिर ठेवा. तळाचा थर २० च्या वर जितका चढेल तितके, ढोबळमानाने, इथेनॉल. ई-२० असेल तर तो ३५ च्या आसपास पोहोचेल. प्रयोग उघड्यावर करा, जवळपास ज्योत नको, आणि ते मिश्रण पुन्हा टाकीत ओतू नका.

२६/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? १८९२ मध्ये भट्टी वाचवण्यासाठी फूल बाळगणाऱ्यावर बोजा टाकला गेला. आज आयात वाचवण्यासाठी जुने यंत्र बाळगणाऱ्यावर टाकला जातो आहे. दोन्ही हुकमांचे हेतू वेगळे आहेत, काळ वेगळा आहे, आणि आजचे सरकार आपण निवडलेले आहे. म्हणूनच आज गप्प बसण्याला सबब नाही. मोह वेचणाऱ्या कातकऱ्याला कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारता येते, अर्ज करता येतो, लोकप्रतिनिधीला गाठता येते.

२७/ पुढचा पूर कोणत्या वर्षी येईल हे कोणी सांगू शकत नाही. त्या दिवशी उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठावर कोणीतरी दोरी ओढेल. ती बोट सुरू व्हावी की नाही, हे आज पंपावर काय लिहिले आहे आणि काय मिळते यावर काही अंशी ठरणार आहे. आपल्या तालुक्यातल्या बचाव पथकाला त्यांच्या इंजिनात काय भरले आहे ते या आठवड्यात विचारा, आणि मिळालेले उत्तर या धाग्याखाली लिहा.